डिसेंबरातला कोकीळ

माझ्या नवऱ्याची नजर एका दिवसात गेली नाही. काचबिंदूनं ती कडेकडेनं खाल्ली. आधी बाजूनं येणारी सायकल दिसेना, मग ताटातली वाटी, मग माझा चेहरा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती, त्यातली बहुतेक टर्बाइनच्या हॉलमध्ये. मुदतीआधीच निवृत्ती घ्यावी लागली. घरी बसल्यावर पहिले काही महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी घरी ब्लाउज शिवते. मशीन सुरू झालं की म्हणायचे, "बंद कर नं वं ते. जिंदगीभर घरघरच आयकली मी."

मग मी त्यांना नदीवर नेऊ लागले.

आमची वस्ती नागपूरच्या कडेला, कन्हानच्या काठी, जुन्या छावणीला लागून आहे. पूल नव्हता तेव्हा बांबू, सागवान आणि धान्याची पोती नावांतून इथे उतरायची. म्हणून त्या घाटाला म्हातारी माणसं अजूनही बंदर म्हणतात. नागपुरातल्या हिंदी बोलणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, इथे माकडं असतील. माकडं नव्हती. दगडी पायऱ्या होत्या, नावा बांधायच्या लोखंडी कड्या होत्या, छप्पर उडालेलं एक गोदाम होतं आणि तिथून धोबीघाटापर्यंत जाणारी मातीची पायवाट होती. ती कोणी बनवलेली नव्हती. बकऱ्या, धोबी आणि आमच्यासारखी रिकामी माणसं चालून चालून ती झाली होती.

ही वाट त्यांनी कानानं पाठ केली. पहिले पंधरा दिवस माझा हात धरून, नंतर नुसती काठी घेऊन, आणि मी चार पावलं मागे. करंजांच्या रांगेत सातभाई पक्ष्यांचा कलकलाट असायचा, तिथे ते डावीकडे वळायचे. पुढे पिंपळ. त्याची पानं वारा नसतानाही वाजतात, तशी बाकी कुठल्या झाडाची वाजत नाहीत. पिंपळ गेला की धोबीघाटावरची कपड्यांची आपट ऐकू यायची, आणि उलट दिशेला आलं तर पायऱ्यांवर लागणाऱ्या पाण्याचा चुळुक चुळुक आवाज. तो आला की थांबायचं, कारण पुढे उतार आहे.

"तांबट बसला कहूवर," ते म्हणायचे. कहू म्हणजे अर्जुनाचं झाड. मी वर पाहायची, मला काही दिसायचं नाही. डोळे असून मला दिसत नाही, यावर ते खूश व्हायचे. भारद्वाज, टिटवी, खंड्या, कोतवाल, कोण कुठे आहे ते मला सांगायचे. लग्नसराईत माझ्याकडे ब्लाउजांचा ढीग पडला की एकटे जाऊन यायचे आणि चहा पिता पिता मला अख्खी वाट ऐकवायचे. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस मला असा परत मिळाला होता. कोणत्याही डॉक्टरनं तो दिला नव्हता.

मग आमच्या नदीकाठाचा विकास करायचा असं कोणाच्या तरी मनात आलं.

एका उन्हाळ्यात पायवाटेच्या दोन्ही टोकांना हिरवं कापड लागलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, कापड तसंच. आतून यंत्रांचा आवाज यायचा. हे रोज त्या कापडापर्यंत जायचे, हात लावायचे आणि परत फिरायचे. मी त्यांना नागपुरात सदर भागातल्या एका बागेत नेऊन पाहिलं. तिथे एवढी गर्दी की लोक त्यांच्या काठीला अडखळून त्यांच्यावरच ओरडायचे. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा ते उठलेच नाहीत.

डिसेंबरात कापड निघालं. दाराशी मोठी कमान, तिच्यावर ‘निसर्ग पायवाट’. मातीच्या जागी लाल-पिवळे सिमेंटचे गट्टू बसवले होते. करंजांच्या रांगेतले निम्मे करंज नव्हतेच; तिथे फायबरची हरणं आणि एक जिराफ उभा होता. कन्हानच्या काठी जिराफ! गोदामाच्या भिंतीवर रंगीत पंख काढले होते, त्यांच्यामध्ये उभं राहून लोक फोटो काढत होते. मी नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "रस्ता गुळगुळीत केला आहे, जपून."

आम्ही करंजांपाशी पोचलो आणि कोकीळ ओरडला.

ते जागच्या जागी थांबले. चेहरा असा उजळला की मी तो इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

"आयकलं का वं? कोकीळ! या थंडीत!"

"हो," मी म्हटलं.

"डिसेंबरात कोकीळ ओरडत नाही. काहून ओरडून राहिला असेल हा? जवळच आहे, पाय नं, कोणत्या झाडावर आहे?"

मी पाहिलं. झाडावर काही नव्हतं. झाडाच्या बुंध्याशी एक करडा दगड होता, जरा जास्तच गोल. त्याच्या पोटाला जाळी होती. कोकीळ त्या जाळीतून ओरडत होता.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते हसत होते, मान तिरकी करून, एक हात वर करून, जसं लहान मुलाला गप्प राहायला सांगतात तसं. कोकीळ पाच वेळा ओरडला. मग बासरी वाजली. मग पाण्याचा खळखळाट, तोही त्या दगडातूनच, खरी नदी वीस पावलांवर असताना. आणि मग पुन्हा कोकीळ, पुन्हा पाच वेळा, तसाच चढत गेलेला, तसाच मध्येच तुटलेला.

त्यांचा हात हळूहळू खाली आला.

"मशीन आहे का हे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुले माहीत होतं?"

"आत्ता दिसलं."

ते परत फिरले. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायचं तर एकच शब्द आहे, संताप. एखाद्या आंधळ्या माणसाच्या हातात नोट म्हणून कोरा कागद ठेवावा आणि तो कागद त्यानं जपून खिशात ठेवताना पाहत राहावं, तसं झालं होतं. आणि पाहत राहणारी मी होते.

तरी ते दुसऱ्या दिवशी गेले. कारण जायला दुसरी जागाच नव्हती. अशी यंत्रं ठिकठिकाणी होती, काही दगडांत, काही खांबांवर. पहाटेपासून भजनं, मग बासरी, मग पक्षी. खऱ्या पक्ष्यांनी तिथून मुक्काम हलवला. पिंपळ वाजत असेलही, पण ऐकू कोणाला येणार?

जानेवारीत मला एका लग्नाचे सात ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. ते म्हणाले, "मी जाऊन येतो एकटा. वाट तीच आहे." मी जाऊ दिलं. तासाभरानं पायवाटेचा चौकीदार धावत आला. आमच्याच वस्तीतला, पन्नाशीचा माणूस, नवीन खाकी शर्टातला. "काकू, चला लवकर. काका बंदरावरून पडले."

पायऱ्यांच्या तोंडाशीच एक खांब होता आणि त्यावरच्या भोंग्यातून भजन चाललं होतं. पाण्याचा आवाज त्यांना ऐकू आला नव्हता. ते चालत गेले आणि सहा पायऱ्या खाली गेले. मनगट मोडलं, कपाळ फुटलं. मी पोचले तेव्हा ते पायरीवर बसून होते, रक्त भुवईवरून गालावर आलं होतं, आणि वर ते भजन तसंच चालू होतं. मी चौकीदाराला म्हटलं, "आधी ते बंद कर."

"माझ्याकडे बटणांच्या पेटीची किल्ली नाही, काकू," तो म्हणाला.

प्लास्टर घातलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पायवाट बांधणाऱ्यांच्या कार्यालयात गेले. टेबलामागे एक तरुण साहेब होते. बोलणं गोड. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "बघा ताई, लोकांना आवडतंय. रोज माणसं वाढताहेत. तुम्ही मिस्टरांना दुसरीकडे फिरवा ना."

"दुसरीकडे कुठे?"

"तेही खरंच," ते म्हणाले आणि फोन घेतला.

मी अर्ज लिहिला. विणकराच्या घरात वाढलेली बाई मी, उमरेडला आमच्या घरात चार माग होते, दहावीनंतर शाळा सुटली. अर्ज लिहायला तीन संध्याकाळी लागल्या. ‘माझे पती पूर्णपणे अंध असून’ अशी सुरुवात केली. तेवढं लिहिलं तर ऐकतील, असं वाटलं. नवऱ्याला वाचून दाखवला नाही.

पंधरा दिवसांनी घरी पत्र आलं. पायवाटेचं औपचारिक उद्घाटन होणार होतं आणि त्यात दिव्यांग बांधवांचा सत्कार होता. माझ्या नवऱ्याचं नाव यादीत पहिलं. मी मूर्ख, मला वाटलं, अर्ज पोचला. त्यांना म्हटलं, "चला, तिथेच मोठ्या साहेबांना समोरासमोर सांगू."

गोदामासमोर मांडव होता. पुढच्या रांगेत सोफे, मागे खुर्च्या. गळ्यातल्या झोळीत प्लास्टरचा हात घेऊन ते मंचावर चढले. चौघांचा सत्कार होता: चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी, दोन ऐकू न येणारे भाऊ आणि हे. शाल, नारळ, फोटो. मग मोठे साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "आमच्या या पायवाटेवर पक्ष्यांचे आवाज बसवण्यामागे हाच विचार होता. ज्यांना निसर्ग पाहता येत नाही, त्यांनाही तो ऐकता यावा." आणि त्यांनी हात माझ्या नवऱ्याकडे केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ऐकू न येणाऱ्या त्या दोन भावांकडे मी पाहिलं. तेही टाळ्या वाजवत होते, बाकीचे वाजवतात म्हणून.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी नवऱ्याच्या तोंडापुढे माइक धरला. "काका, दोन शब्द."

ते म्हणाले, "कोकीळ डिसेंबरात ओरडत नाही."

मांडव हसला. अगदी मनापासून हसला. त्यांना वाटलं, काका विनोदी आहेत.

"खरं सांगून राहिलो मी," ते म्हणाले. "इथे खरे पक्षी होते. ते गेले. तुम्ही यंत्र बंद केलं तर येतील. माझा हातही याच यंत्रापायी मोडला."

पण शेवटचं वाक्य माइकमध्ये आलंच नाही. बाईंनी तोवर माइक मागे घेतला होता आणि म्हणत होत्या, "किती सुंदर निरीक्षण!" खाली उतरल्यावर मी मोठ्या साहेबांकडे जायला निघाले तर ते जिराफापाशी फोटोसाठी उभे होते, आणि नंतर त्यांची गाडी निघाली.

घरी आल्यावर मी ती शाल दारातल्या पायपुसण्याजवळ टाकली. मला भांडी आपटावीशी वाटत होती आणि मी ती आपटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कपडे बेतायची मोठी कात्री पदराखाली घेतली आणि एकटी पायवाटेवर गेले. लपूनछपून नाही. चालणारे लोक येत-जात होते. करंजापाशी वाकले आणि दगडातून निघालेली वायर कापली. कोकीळ अर्ध्यात थांबला. पुढचा दगड. मग पिंपळाखालचा. बंदरावरच्या खांबाची वायर जाड होती, दोन हातांनी जोर लावावा लागला. ती तुटली आणि एकदम पायऱ्यांवरचं पाणी ऐकू आलं. मी तिथेच उभी राहिले.

"काकू! हे काय करून राहिल्या तुम्ही?" चौकीदार होता.

"दिसतं आहे की."

"अवो, माझी नोकरी जाईल नं! मले विचारतील, तू कुठे होता म्हणून!"

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्याकडे साधी किल्लीही नव्हती, तोच माझ्या रागाखाली सापडणार होता. मी म्हटलं, "चल, कुठे जायचं ते. मी केलं असं मीच सांगते."

तोवर माणसं जमली होती. मला वाटलं, निदान दोघं-तिघं तरी माझ्या बाजूनं बोलतील. रोजची तोंडओळख होती. एक गृहस्थ म्हणाले, "सार्वजनिक मालमत्ता आहे, बाई." आणि आमच्या गल्लीतली, जिचे ब्लाउज मी वीस वर्षं शिवते आहे, ती म्हणाली, "असं काहून केलं वं तू? घरी दिवसभर सासूची कटकट आयकते मी. इथेच दोन घटका गाणी कानावर पडतात. तेवढंबी नको का मले?"

तिचा राग माझ्याइतकाच खरा होता. मला तिच्यावर चिडायचं होतं, आणि चिडले आणखीच त्या साहेबांवर, ज्यांनी आम्हा दोघींना एकाच वाटेवर असं समोरासमोर उभं केलं होतं.

कार्यालयात त्यांनी पोलिसांचं नाव काढलं. माफीनामा लिहून द्या, म्हणाले, मग प्रकरण मिटवू. मी लिहिलं की वायरी मी कापल्या, चौकीदाराचा यात काही दोष नाही. माफीचा शब्द लिहिला नाही. तरुण साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "ताई, आणि मिस्टरांच्या अंधत्वामुळे मानसिक तणावात हे घडलं, असं एक वाक्य घाला. म्हणजे आम्हालाही सोपं जाईल."

मी म्हटलं, "मिस्टरांना विचारून सांगते."

घरी येऊन विचारलं. आणि तिथे सगळं उलटं झालं.

"अर्जात काय लिहिलं होतं तू?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता.

मी सांगितलं. पहिली ओळही सांगितली.

"म्हणून माझा सत्कार झाला," ते म्हणाले. "म्हणून माझ्या गळ्यात शाल पडली. तू मले त्यांच्या हाती दिलं."

"मी तुमच्यासाठीच भांडत होते!"

"माझ्या डोळ्यांच्या नावानं काहून भांडते? तुले तो आवाज आवडत होता का?"

"नाही."

"मग तुले नाही आवडत असं लिही नं! तुझे कान नाही का तुले? धडधाकट माणसानं सांगितलं तर कोणी आयकत नाही, अन् आंधळ्यानं सांगितलं तर टाळ्या वाजवतात. मंग दोघांनी मिळून काय दगड फोडायचे?" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्यावर असे ओरडले. प्लास्टरमधली बोटं लाल झाली होती.

मीही ओरडले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता तेव्हा मी काय काय केलं, ते सगळं काढलं. काढायला नको होतं ते काढलं. ते ऐकत राहिले. मग उठून, भिंतीला हात लावत, मागच्या अंगणात जाऊन बसले. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

ते मानसिक तणावाचं वाक्य मी कागदात घातलं नाही. पोलीसही आले नाहीत. बहुधा फाईल उघडायचा कंटाळा केला असावा. चौकीदाराची बदली दुसऱ्या बागेत झाली, घरापासून लांब. आता रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, पण थांबत नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

कमानीजवळची यंत्रं आठवड्यात दुरुस्त झाली, कारण तिथे लोक येतात, फोटो काढतात. पिंपळाखालचं आणि बंदराकडची झाली नाहीत. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. बंद पडलेल्या एका दगडाच्या पोटात आता गांधीलमाश्यांचं पोळं आहे. मी जिंकले असं कोणी म्हणू नये. अर्धी वाट बंद पडली ती दुर्लक्षामुळे. त्यात शहाणपण कोणाचंच नव्हतं.

हात बरा झाल्यावर ते म्हणाले, "धोबीघाटाकडून जाऊ." त्या बाजूला कमान नाही, कुंपणाला बकऱ्यांनी पाडलेली एक फट आहे. तिथून वाकून आत जायचं आणि पिंपळापाशी, पुढची यंत्रं ऐकू यायच्या आत, परत फिरायचं. तेवढीच आमची वाट उरली आहे. गट्टूंवर काठीचा आवाज सगळीकडे सारखाच येतो, म्हणून ते कडेच्या मातीतून चालतात. सातभाई नाहीत, त्यांचे निम्मे करंजच गेले. टिटवी असते. धोब्यांची आपट असते. मी चार पावलं मागे चालते आणि अजूनही माझं डोकं शांत नसतं. लोक म्हणतात, फिरायला गेलं की मन हलकं होतं. माझं होत नाही.

मागच्या महिन्यात दोन माणसं नदीकाठी टेप धरून मोजमाप करत होती. विचारलं तर म्हणाली, "इथे लाइटिंगचा शो होणार आहे, ताई. पाण्यावर."

नवऱ्यानं माझ्याकडे मान वळवली.

त्या संध्याकाळी मी नवीन अर्ज लिहिला. या वेळी पुरा वाचून दाखवला. त्यात त्यांच्या डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. ‘मी या वस्तीत पस्तीस वर्षे राहते. मला नदीकाठी अंधार हवा आहे आणि शांतता हवी आहे. हे माझे मत आहे. माझ्या मताचे उत्तर द्यावे.’ एवढंच.

"वर्षे नको, वर्षं लिही. बोलतो तसं," ते म्हणाले.

"अर्जात तसंच लिहितात."

"मग राहू दे."

कार्यालयानं माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला आहे. उत्तर नाही. मी दर सोमवारी जाते. तरुण साहेब मला लांबून पाहिलं की फोन कानाला लावतात. मी बाकावर बसते. फोन कधीतरी खाली ठेवावाच लागतो.